शिडाचे घराणे

शिरूरच्या बाजारपेठेत माझे वडील ताडपत्र्या शिवीत. मेण लावलेल्या सुतळीचा एकेक टाका ते अंगठ्याने दाबून पाहत. "भर पावसात गाडीवानाला शिवणाराच आठवतो," असे ते म्हणत.

पुढे मी दौंडला मास्तर झालो. एकदा वर्गात आंग्र्यांच्या आरमाराचा धडा चालला असता एका मुलाने विचारले, "गुरुजी, आपण देशावरची माणसं. समुद्र आपला कुठला?"

प्रश्न खोटा नव्हता. इंग्लंडात रॅट्सी हे शिडे शिवणारे जुने घराणे. त्यातल्या कॉलिन रॅट्सीने १९३२ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत रौप्यपदक मिळवले. ज्याच्या घरीच शीड शिवले जाते, त्याने वारा ओळखावा यात नवल ते काय? पण ज्याचे घर तसे नाही, त्याने काय करावे?

याचे उत्तर मला आपल्याच माळरानावर, फलटणजवळच्या विंचुर्णीत सापडले. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर तेथे राहत. भारतीयाने शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा त्यांचा ध्यास. २००६ साली नौदलातले दिलीप दोंदे पुढे आले. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी छप्पन्न फुटांची 'म्हादेई' बांधली. तशी होडी त्यांनी पूर्वी कधी बांधली नव्हती. दोंदेही कारखान्यात राबून तिचा सांधा न् सांधा शिकले. भर समुद्रात दुरुस्तीला दुसरे कोण येणार? १९ ऑगस्ट २००९ रोजी त्यांनी मुंबई सोडली आणि वाटेत चार मुक्काम करून मे २०१० मध्ये ते परतले. ही प्रदक्षिणा एकट्याने करणारे ते पहिले भारतीय.

त्यांचे किनाऱ्यावरचे साहाय्यक अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये त्याच होडीतून कोठेही न थांबता जग फिरून आले. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत वादळाने त्यांची डोलकाठी मोडली, पाठीला जबर इजा झाली. तरीही पुढच्या शर्यतीत ते पुन्हा उतरले आणि २९ एप्रिल २०२३ रोजी दुसरे आले. आवटींकडून दोंद्यांकडे, दोंद्यांकडून टॉमींकडे. रक्ताचे नाते नसलेले हेही एक घराणेच!

दुसऱ्या दिवशी मी वडिलांचे दाभण वर्गात नेले आणि ही हकिकत सांगितली. तास संपल्यावर तो मुलगा मागे थांबला. आपल्या उसवलेल्या दप्तराला त्याने चार वेडेवाकडे टाके घातले आणि, मी न सांगताच, एकेक अंगठ्याने दाबून पाहिला.