पळीभर रक्ताची कथा

इ. स. १९०८ च्या मार्च महिन्यांत न्यूयॉर्क शहरीं एका शल्यवैद्याची, जन्मून आठवडाही न झालेली मुलगी रक्तस्रावानें मरणोन्मुख झाली. अलेक्सी कॅरेल या फ्रेंच शल्यवैद्यानें बापाच्या मनगटाची धमनी मुलीच्या पायाच्या शिरेस टांक्यांनीं जोडली आणि पांढरी फटक पडलेली पोर पाहतां पाहतां गुलाबी झाली. ती जगली, पण किती रक्त गेलें हें मोजण्याची सोय त्या रीतींत नव्हती. रंग पाहून थांबावयाचें, एवढेंच.

अपुऱ्या दिवसांच्या बाळापाशीं असा अदमास चालत नाहीं. सातमाशी मूल जगतें, आठमाशी जगत नाहीं, ही आपल्याकडील समजूत उलटी आहे. दिवस जितके कमी तितका धोका अधिक. मराठवाड्यांत वैद्यकीय महाविद्यालय आलें तेंच मुळीं १९५६ सालीं, औरंगाबादेस. नांदेडला १९८८ त आणि लातूरला २००२ मध्यें. आणि २०२३ च्या ऑक्टोबरच्या आरंभीं नांदेडच्या शासकीय रुग्णालयांत एका अहोरात्रांत चोवीस रुग्ण दगावल्याची वार्ता आली, त्यांत बारा नवजात बालकें होतीं. त्याची कारणमीमांसा हा या लेखाचा विषय नव्हे. पण अशा बाळाचें जिणें किती थोडक्यावर तोललेलें असतें, हें जाणून घेणें अवश्य आहे.

एक किलो वजनाच्या बाळाच्या अंगीं रक्त सुमारें ९० ते १०० मिलिलिटर. चहाचा पेलाही धड भरावयाचा नाहीं! त्यांतून तपासणीसाठीं एक मिलिलिटर काढणें म्हणजे थोर माणसाचें पन्नास काढण्यासारखें. रोज तितकेंच घेतलें तरी दहा दिवसांत दहावा हिस्सा सरला. नवें रक्त निर्माण करण्याची प्रेरणा देणारें एरिथ्रोपोएटिन अशा बाळांत कमी पडतें. म्हणजे ज्या हातानें घ्यावें त्यानेंच परत द्यावें, असा हा व्यवहार. द्यावयाचें तेंही किलोमागें दहा ते वीस मिलिलिटर. म्हणून एकाच दात्याची पिशवी लहान लहान पिशव्यांत विभागून ठेवतात, कीं बाळाच्या अंगीं अनेकांचें रक्त जाऊं नये.

मग द्यावें केव्हां? २०२० सालीं युरोपांतील व अमेरिकेतील दोन मोठ्या प्रयोगांचे निष्कर्ष निघाले. सढळ हातानें रक्त दिल्यानें बाळें अधिक जगलीं नाहींत, कीं दोन वर्षांनीं त्यांची वाढही अधिक चांगली दिसली नाहीं.

त्याहून सोपा उपाय प्रसूतीच्या क्षणींच आहे. नाळ लगेच न बांधतां मिनिटभर थांबलें तर वारेंतील रक्त बाळास मिळतें. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे मृत्यु त्यानें कमी होतात, असें २०२३ च्या एका एकत्रित अभ्यासांत दिसलें. आमच्या खेड्यांतील कित्येक सुईणी वार पडेपर्यंत नाळ कापीत नसत. त्यांचें कारण निराळें होतें. त्यांना भय वाटे तें वार पोटांत वर चढेल याचें.