इनकमिंगचे पैसे कोणी भरायचे?

मागच्या शनिवारी आजीसाठी स्मार्टफोन घ्यायचा होता. तिचा पहिलाच. मी मूळचा साताऱ्याचा, आजोळ तासगाव तालुक्यातलं, आणि दोन्ही घरांत मिळून आयटीवाला मी एकटाच. त्यामुळे टीव्हीच्या रिमोटपासून आधार कार्ड लिंक करण्यापर्यंत सगळी खाती माझ्याकडे :) सवयीप्रमाणे एक्सेल शीट उघडली. किंमत, बॅटरी, स्क्रीन, रोजचा डेटा, व्हॅलिडिटी... अर्धा तास कॉलम भरले आणि मग लक्षात आलं, की मूळ भानगड फोनची नाहीच.

झालं असं होतं. आजीचा जुना बटणांचा फोन तब्बल अकरा दिवस वाजला नव्हता. आम्ही लावला की 'सेवा उपलब्ध नाही'. वाटलं, वस्तीवर रेंज नसेल. मग मामाला फोन करायचा, "आजी बरी आहे ना?" तो म्हणायचा, "बरी हाय की." विषय संपला. शेवटी मी गेलो तेव्हा कळलं, की रिचार्जची मुदत संपली होती आणि इनकमिंग बंद पडलं होतं. मुदत संपत आल्याचे मेसेज आले होते, पण इंग्रजीत. आजी स्वतःहून फोन कधीच लावत नाही, त्यामुळे तिला कळायचा मार्गच नव्हता. ती मला एवढंच म्हणाली, "मला वाटलं, समदी कामात असतील."

हे वाक्य काही डोक्यातून जाईना. फोन आजीचा, नंबर आजीचा, बोलायचं आम्हाला, आणि पैसे भरले नाहीत म्हणून गप्प कोण? तर ती. हा नियम आला कुठून, ते शोधत बसलो. आजचा लेख त्याचाच.

भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ चा. पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना लावला. त्या काळात कॉलचा दर मिनिटाला १६ रुपयांपर्यंत जायचा. पण आपल्याला आज खरी गंमत वाटेल ती दुसऱ्याच गोष्टीची: पैसे दोघांनाही पडायचे. लावणाऱ्यालाही आणि उचलणाऱ्यालाही. स्क्रीनवर नंबर बघून लोक फोन कट करायचे आणि जवळच्या पीसीओवर जाऊन उलटा लावायचे.

हा प्रकार नवा नव्हता. टपालाचं आधी असंच होतं. इंग्लंडमध्ये १८४० पर्यंत पत्राचं टपाल बहुतेक वेळा पत्र घेणारा भरायचा. रोलंड हिलच्या सुधारणेने तिकीट आलं आणि भार पाठवणाऱ्याकडे गेला. त्याच्याबद्दल एक आख्यायिका सांगतात: एका बाईने भावाचं पत्र पैसे न देता परत केलं, कारण पाकिटावरच्या खुणेवरूनच तिला खुशाली कळली होती. हिंदुस्थानात १८५४ साली सगळीकडे एकच दर आला, पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, अंतर कितीही असो. तिकीट नसलेलं पत्र मात्र 'नॉटपेड' व्हायचं आणि घेणाऱ्याला दुप्पट भुर्दंड बसायचा. आमच्या आजोबांच्या तोंडी हा शब्द कायम असायचा. आगंतुक पाहुणा आला की म्हणायचे, "आलं नॉटपेड पत्र!"

आता आपल्या भागाकडे येऊ. सरकारने मोबाइलसाठी देशाचे तुकडे केले, त्यांना म्हणायचं सर्कल. मुंबई वेगळं सर्कल, आणि उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं. लँडलाइनवर साताऱ्याचा कोड ०२१६२ आणि सांगलीचा ०२३३, म्हणजे घरून आजोळी बोलायचं तर एसटीडी. मोबाइलवर दोन्ही एकाच सर्कलमध्ये आले. पण आपल्याकडचा माणूस कामाला कुठे जातो? मुंबईला. गिरण्यांमध्ये गेला, माथाडी म्हणून गेला. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटीलसुद्धा पाटण तालुक्यातलेच. आता हा मुंबईकर गणपतीला गावी आला, की त्याचं कार्ड रोमिंगवर. आपल्याच अंगणात बसून आलेला फोन उचलायचा आणि त्याचे पैसे भरायचे! वर मुंबईसाठी एक आणि गावासाठी एक कार्ड बाळगायचं. पुढे दोन सिमचे फोन का खपले, ते अशा घरांमध्ये वेगळं सांगायला लागत नाही.

शिवाय कुठली कंपनी घ्यायची, हा निर्णय तरी आपल्या हातात होता का? महाराष्ट्र सर्कलमध्ये सुरुवातीला दोन खासगी कंपन्या होत्या, बिर्ला एटी अँड टी (हीच पुढे आयडिया झाली) आणि बीपीएल. त्यांना ९०० मेगाहर्ट्झची फ्रिक्वेन्सी मिळाली. नंतर आलेल्या एअरटेलला १८०० ची. कमी फ्रिक्वेन्सीची लहर जास्त लांब जाते, भिंतीतून आत शिरते. सांगलीच्या सपाट कृष्णाकाठी एक टॉवर बऱ्यापैकी मुलूख सांभाळतो. साताऱ्याच्या पश्चिमेला, पाटण-कोयनेच्या बाजूला, मध्ये डोंगर आला की रेंज गायब. त्यामुळे तिथे प्लॅन निवडताना आधी दर नाही, टॉवर बघायचा. ज्याची रेंज त्याचा प्लॅन.

मग आला १ मे २००३. महाराष्ट्र दिनालाच इनकमिंग फुकट झालं. 'बोलावणाऱ्याने पैसे द्यायचे' हे तत्त्व लागू झालं. पण कंपनीच्या दृष्टीने फुकट काहीच नसतं. समजा मी एका कंपनीच्या फोनवरून दुसऱ्या कंपनीच्या फोनवर कॉल केला. तो पोचवायला दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क लागतं. त्याचं भाडं म्हणून माझी कंपनी तिला दर मिनिटाला काही पैसे देते. याला म्हणतात आययूसी. २००४ मध्ये हा दर मिनिटाला ३० पैसे होता. म्हणजे आजीसारखी फक्त फोन उचलणारी व्यक्तीसुद्धा तिच्या कंपनीला कमाई करून देत होती. तिचं नातवंडांशी दहा मिनिटं बोलणं म्हणजे कंपनीच्या गल्ल्यात तीन रुपये. हा मुद्दा लक्षात ठेवा, सगळी गोष्ट याच्यावरच फिरते.

इनकमिंग फुकट झाल्यावर मिस्ड कॉलची भाषा जन्मली. आमच्याकडे एक रिंग म्हणजे 'पोचलो', दोन म्हणजे 'एसटी चुकली, उशीर होईल', आणि तीन म्हणजे 'आता तूच लाव'. रोलंड हिलच्या गोष्टीतली ती बाई आमच्या घरात सहज खपली असती.

२००५ च्या डिसेंबरात 'लाइफटाइम' कार्डं आली. एकदाच ९९९ रुपये भरायचे आणि आयुष्यभर इनकमिंग. आजोबांनी घेतलं ते हेच. त्यांना अभिमान होता, की पेन्शनरला परवडणारी एकमेव चैन आपण करून ठेवली. आता आयुष्यभर म्हणजे कोणाचं आयुष्य? ट्रायने २००६ मध्ये खुलासा केला, की कंपनीच्या परवान्याची मुदत असेल तोपर्यंत. आजोबा २०१४ ला गेले. कार्ड आजीकडे आलं. सगळ्या गोतावळ्याकडे तोच नंबर होता, म्हणून तो बदलायचा कोणी विचारही केला नाही.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं. बोलणं फुकट, पैसे डेटाचे. मिनिटावर चालणारा धंदा एका झटक्यात जुना झाला. दुसरीकडे आययूसीसुद्धा उतरत गेला: २००९ ला २० पैसे, २०१५ ला १४, ऑक्टोबर २०१७ पासून ६, आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य. आता आजीचा हिशोब पुन्हा मांडा. ती कॉल लावत नाही, डेटा वापरत नाही, आणि तिने उचललेल्या कॉलचे कंपनीला मिळतात शून्य पैसे. कंपनीच्या शीटवर ती निव्वळ खर्चाची ओळ झाली.

त्याचा परिणाम २०१८ च्या अखेरीस दिसला. मोठ्या खासगी कंपन्यांनी २८ दिवसांचा किमान ३५ रुपयांचा रिचार्ज आणला. तो केला नाही तर आधी आउटगोइंग आणि मग इनकमिंगही बंद. खात्यात शिल्लक असलेल्या लोकांना असं तडकाफडकी तोडू नका, असं ट्रायला तेव्हा सांगावं लागलं. पंधरा वर्षांपूर्वी फुकट झालेलं इनकमिंग नाव न बदलता परत पैशाचं झालं. लाइफटाइम हा शब्द तर कोणी उच्चारेना.

धंद्याच्या बाजूने बघितलं तर यात तर्क आहे, हे मी इंजिनिअर म्हणून मान्य करतो. टॉवरला वीज लागते, डिझेल लागतं. पण टपालाने १८५४ मध्येच एक गोष्ट मान्य केली होती: ज्याला सांगायचंय त्याने तिकीट लावावं, ऐकणाऱ्याने दार उघडं ठेवलं की पुरे. आपण आता दार उघडं ठेवायचंच भाडं घेतोय. आणि ते भाडं सर्वांत जड पडतं ते कमीत कमी बोलणाऱ्या माणसाला.

एक बरी बातमी. २३ डिसेंबर २०२४ ला ट्रायने नियम बदलून कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचा, डेटा नसलेला किमान एक पॅक ठेवायला लावला आणि अशा पॅकची मुदत ९० ऐवजी ३६५ दिवसांपर्यंत नेता येईल असं केलं. २०२५ च्या जानेवारीत तसे पॅक आले. कंपन्यांच्या जाहिरातीत ते क्वचितच दिसतात, शोधावे लागतात.

तर आमचा निर्णय असा झाला. एक्सेल शीट डिलीट. फोन साधाच, पण स्क्रीन मोठी, आवाज मोठा आणि सगळं मराठीत. मामाच्या घरात पोरांसाठी घेतलेलं वायफाय आहे, त्यामुळे व्हिडिओ कॉलला वेगळा डेटा लागत नाही. नंबर आजोबांचाच, आणि त्यावर वर्षभराचा डेटाशिवायचा पॅक. मुदत संपायच्या दहा दिवस आधीचा रिमाइंडर माझ्या फोनमध्ये, आईच्या फोनमध्ये आणि मामाच्या फोनमध्ये. आपल्या भाषेत, सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर काढून टाकला.

तुमच्याही गावाकडे असा एक नंबर असेल, जो फक्त वाजण्यासाठी आहे. या रविवारी त्याची व्हॅलिडिटी बघून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

फोन चालू केल्यावर मी आतल्या खोलीतून आजीला लावला. तिने चष्मा लावला, स्क्रीनवर बोट सरकवायला तिसऱ्या प्रयत्नात जमलं. म्हणाली, "कोण?"

म्हटलं, "मीच गं. बघत होतो, वाजतो का."

"वाजला," ती म्हणाली. "आता ठेव, पैसं पडतील."