माहीमचा सेतु आणि मुंबईचें दातृत्व

मुंबई हें एके काळीं बेट होतें, किंबहुना सात बेटांचा पुंजका होता, हें शाळेंतील भूगोलानें आपणां सर्वांस पढविलें आहे. परंतु माहीमहून वांद्र्यास जातांना आपण एका खाडीवरून चाललों आहों, आणि ती ओलांडण्याची सोय सरकारच्या नव्हे, तर एका पारशी बाईच्या पैशानें झाली, हें किती जणांच्या मनांत येतें? रस्ता पायांखालचा झाला म्हणजे त्याचा इतिहास डोळ्यांआड होतो. तो इतिहास थोडक्यांत सांगावा, आणि त्या निमित्तानें व्यापार व दानधर्म यांच्या नात्याचा कांहीं विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

गेल्या शतकाच्या मागच्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मुंबईंतून साष्टीस जाण्यासाठीं शीवहून कुर्ल्याकडे जाणारा, डंकन गव्हर्नरांच्या कारकीर्दींत झालेला बांध होता. माहीम आणि वांद्रें यांच्यामध्यें मात्र दलदल व भरती-ओहोटीची खाडी. भाजीची पाटी घेऊन निघालेला माळी असो, मासळी विकणारी कोळीण असो, कीं आजारी मुलास वैद्याकडे नेणारा बाप असो, सर्वांस होडीची वाट पाहत तिष्ठावें लागे. आणि वादळवाऱ्यांत होड्या उलटून माणसें बुडत. सेतु हवा, याविषयीं दुमत नव्हतें. अडचण पैशाची होती. कंपनी सरकारनें हात आखडता घेतला, तेव्हां सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी आवाबाई पुढें आल्या. आरंभीं खर्चाचा अंदाज १,००,००० रुपयांचा होता. काम वाढलें तेव्हां बाईंनीं आणखी ५७,००० रुपये दिले. १८४५ सालीं सेतु लोकांस खुला झाला. या देणगीस अट एकच होती: त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्याकडून कसलाही कर घेऊं नये.

हा पैसा आला कोठून, हें समजण्यासाठीं त्या काळच्या मुंबईच्या पेढ्यांकडे वळलें पाहिजे. जमशेटजींचा जन्म १७८३ चा. लहान वयांतच आईबापांचें छत्र हरपलें. ऐन तारुण्यांत त्यांनीं चीनच्या सफरी सुरू केल्या. १८०५ सालच्या सफरींत फ्रेंचांनीं त्यांचें जहाज पकडलें आणि त्यांस केप ऑफ गुड होपकडे नेलें. इतकें होऊनही त्यांनीं समुद्राचा व्यापार सोडला नाहीं. पुढें त्यांच्या पेढींत मोतीचंद अमीचंद हे जैन आणि महंमद अली रोगे हे कोंकणी मुसलमान भागीदार झाले. गोव्याचे ख्रिस्ती व्यापारी रोजेरियो द फारिया यांच्याशींही त्यांचा व्यवहार होता. ज्यांचीं देवळें वेगळीं व पंगती वेगळ्या, अशीं हीं माणसें एकाच जहाजाच्या नफ्यातोट्यानें बांधलेलीं होतीं. अशा बेटावर बातमी ही मोठीच मालमत्ता. १ जुलै १८२२ रोजीं फर्दुनजी मर्झबान यांनीं ‘मुंबई समाचार’ काढला, तेव्हां जहाजांची ये-जा आणि मालाची विक्री यांच्या बातम्यांस त्यांत मानाचें स्थान मिळालें, यांत नवल नाहीं. चीनमधील बाजारभाव कळण्यास महिने लागत, आणि तोंवर लाखों रुपयांचा माल समुद्रावर असे.

आतां अप्रिय गोष्टीकडे वळूं. तो माल मुख्यतः दोन प्रकारचा: कापूस आणि माळव्याची अफू. १८३९ सालीं लिन झेशू या चिनी अधिकाऱ्यानें कँटन येथें परदेशी व्यापाऱ्यांकडून २०,००० हून अधिक अफूच्या पेट्या घेऊन त्या नष्ट केल्या. त्यांतून पेटलेलें युद्ध १८४२ च्या नानकिंगच्या तहानें संपलें. त्याच १८४२ सालीं जमशेटजींस ‘सर’ हा किताब मिळाला. तो मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होत. १८४५ सालीं सेतु खुला झाला, आणि ज्यासाठीं त्यांनीं एक लक्ष रुपये दिले होते तें रुग्णालयही त्याच वर्षीं सुरू झालें.

एकदां वर्गांत हा भाग शिकवीत असतां एका विद्यार्थ्यानें उभें राहून विचारलें, “सर, कँटनच्या माणसाचा संसार मोडून वांद्र्याच्या माणसाचा रस्ता झाला, याला दान म्हणावयाचें काय?” मीं त्यास, त्या काळच्या नीतिकल्पना वेगळ्या होत्या, असें पुस्तकी उत्तर दिलें. मुलगा मुकाट्यानें खालीं बसला. घरीं परतल्यावर मात्र तें उत्तर मलाच पटेना. कारण जिचा संसार मोडला त्या चिनी बाईची नीतिकल्पना काय होती, हें मीं विचारांत घेतलेंच नव्हतें.

आज मला असें वाटतें कीं, त्या मुलाचा प्रश्न रास्तच होता, पण तो एकट्या व्यापाऱ्यास विचारून भागणार नाहीं. माळव्याची अफू मुंबईच्या बंदरांत आणण्यासाठीं कंपनी सरकार परवान्याची फी घेत असे. म्हणजे या धंद्याचा एक वांटा सरकारी तिजोरींत पडत होता आणि दुसरा व्यापाऱ्याच्या. खाडींत माणसें बुडत असतां पहिली तिजोरी बंद राहिली व दुसरी उघडली. यानें अफूचें पाप धुऊन निघत नाहीं. दान म्हणजे कांहीं गंगास्नान नव्हे. परंतु ज्याचें कर्तव्य होतें त्यानें तें टाळलें, आणि ज्यावर सक्ती नव्हती त्यानें तें उचललें, हा भेद इतिहासकारानें नोंदविलाच पाहिजे. दात्याची केवळ आरती ओवाळणें जितकें सोपें, तितकेंच त्यास केवळ आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करणें सोपें आहे. दोन्हींत हिशेबाचें एकेकच पान वाचलें जातें.

या देणगीचें खरें मोल तिच्या रकमेपेक्षां अटींत आहे. जातीपुरती धर्मशाळा बांधणारे दाते आपल्या देशांत सर्वकाळ झाले, आणि जमशेटजींनीं स्वतःच्या समाजासाठींही पुष्कळ केलें. पण जेथें कर नाहीं, तेथें नाक्यावर थांबवून ‘तूं कोण, तुजपाशीं काय आहे’ असें विचारणारा शिपाईही नाहीं. पारशाच्या पैशानें बांधलेल्या सेतूवरून कोळी, ब्राह्मण, ख्रिस्ती, मुसलमान सारखेच मोकळेपणें गेले.

तथापि दातृत्वावर विसंबून राहण्यांत एक धोका आहे, तोही मुंबईनेंच दाखविला. अमेरिकेंतील यादवीमुळें १८६१ पासून इकडच्या कापसास सोन्याचा भाव आला. त्या भरतींत, १८६४ सालीं, प्रेमचंद रायचंद यांनीं विश्वविद्यालयास ग्रंथालयासाठीं दोन लक्ष आणि आपल्या मातोश्री राजाबाई यांच्या नांवें मनोऱ्यासाठीं दोन लक्ष रुपये दिले. १८६५ सालीं युद्ध संपलें, भाव कोसळले, आणि शेअरांच्या सट्ट्यांत शेंकडों घराण्यांबरोबर खुद्द प्रेमचंदांचेंही दिवाळें वाजलें. राजाबाई मनोरा १८७८ सालीं पुरा झाला तो देणगी आधींच हातीं आली होती म्हणून. ती एका वर्षानें लांबती तर काय झालें असतें, हें सांगावयास नकोच. शहराच्या गरजा एखाद्या पेढीच्या भरती-ओहोटीवर सोंपविणें शहाणपणाचें नव्हे.

२००९ सालीं वांद्रें-वरळी सागरी सेतु झाला. तो सरकारनें बांधला आणि त्यावर पथकर बसविला. त्याचा हिशेब निराळा व त्याचीं कारणेंही निराळीं. जुना रस्ता मात्र शेजारीं तसाच वाहता राहिला, आणि आवाबाईंची आठवण माहीमकडच्या ‘लेडी जमशेटजी रोड’ या नांवांत राहिली. तो विद्यार्थी आज पुन्हां वर्गांत उभा राहिला, तर मी त्यास म्हणेन, “होय, तें दानच होतें, पण त्याची किंमत देणाऱ्यांत कँटनचीं घरेंही होतीं, आणि त्यांस कोणीं विचारलें नव्हतें. त्या रस्त्यावरून जातांना बाईंचे आभार मान, आणि त्या घरांचीही आठवण ठेव.”