तारांची एक जोडी, अनेक पत्ते

पुण्याहून दौंडला जाताना यवत, केडगाव, पाटस अशी लहान स्थानके लागतात. अशा स्थानकांशी बोलायला रेल्वेच्या नियंत्रकाला प्रत्येकाकडे वेगळी तार न्यावी लागत नसे. तारांची एकच जोडी सर्व स्थानकांतून जाई. प्रत्येक स्थानकाचा संकेत ठरलेला असे. यवतचा संकेत पाठवला की घंटा यवतलाच वाजे. तार वाचली, पण त्याबरोबर दोन नियम आले: प्रत्येकाला स्वतंत्र पत्ता हवा आणि एका वेळी एकानेच बोलावे.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये हेच नियम पुन्हा उपयोगी पडले. दूरचित्रवाणी संचातील चिपांमधले तारांचे जंजाळ कमी करण्यासाठी फिलिप्स या डच कंपनीने १९८२ मध्ये ‘आय-स्क्वेअर-सी’ ही पद्धत काढली. तारा दोनच. एकीवरून माहितीचे बिट एकामागून एक जातात, दुसरी ताल धरते. रोधकांमुळे दोन्ही तारा एरवी उच्च विभवावर राहतात. ‘शून्य’ पाठवायचे तेव्हाच चिप तार खाली ओढते. संवाद थांबला की रोधकातून जवळजवळ प्रवाह वाहत नाही. म्हणून बॅटरीवरील उपकरणांना ही पद्धत सोयीची. वेग वाढवायचा तर मात्र कमी रोधाचा रोधक घ्यावा लागतो आणि वीज जास्त खर्च होते.

ही झाली एका डब्यातली सोय. लांबच्या अंतरासाठी १९८३ मध्ये आरएस-४८५ हे मानक आले. त्यात दोन तारांच्या विभवांतील फरक वाचतात. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच चढतो. फरक टिकून राहतो.

पुणे जिल्ह्यातच, जुन्नर तालुक्यातील खोडदला, १९९० च्या दशकात प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने टाटा मूलभूत संशोधन संस्थेची जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण उभी राहिली. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. प्रत्येक अँटेनेवर देखरेख करणारी मायक्रोकंट्रोलर कार्डे आरएस-४८५ च्या सामाईक तारांवर जोडली गेली. संगणकाने पत्ता पुकारायचा आणि तो पत्ता असलेल्या कार्डानेच उत्तर द्यायचे.

येथे प्रश्न केवळ तांब्याच्या बचतीचा नव्हता. तारेतला प्रत्येक बदलता संकेत थोड्याफार रेडिओलहरी बाहेर टाकतो. रेडिओ-गोंगाट कमी म्हणून निवडलेल्या जागी दुर्बिणीला स्वतःचीच कुजबुज ऐकू आली, तर दूरच्या दीर्घिकेचा क्षीण संदेश तीत बुडेल. म्हणून अशी यंत्रणा धातूच्या बंद पेट्यांत ठेवतात. पेटीबाहेर येणाऱ्या तारा जितक्या कमी, तितक्या गळतीच्या वाटा कमी.

वर्गात हजेरी क्रमांकांना पत्ते मानून हा खेळ जरूर घ्या. दोघे एकदम बोलले तर काय करायचे, याचा नियम विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.