फॅन्टास्टिक फोर, द (1994) : प्रेक्षकमत

मार्व्हल कॉमिक्समधील चार अतिमानवांच्या चमूवर निघालेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. निर्मितीमागे जर्मन निर्माते बर्न्ड आयशिंगर व अमेरिकेतील स्वस्त चित्रपटांचे बादशहा रॉजर कॉरमन. दिग्दर्शक ओली सॅसोन. चित्रपट पुरा झाला, त्याची जाहिरात झाली, पहिल्या खेळाची जागाही ठरली. पण तो चित्रपटगृहात कधीच लागला नाही. एरवी तिकीटबारीचे आकडे आणि वृत्तपत्री परीक्षणे यांवरून प्रेक्षकांचा कौल काढता येतो. इथे दोन्ही नाहीत. चोरट्या प्रतींवरून पाहणाऱ्यांनी तीस वर्षांत जे म्हटले, तेवढाच या चित्रपटाचा कौल.

मूळ चित्रकथा स्टॅन ली व जॅक कर्बी यांची, 1961 सालची. अंतराळात वैश्विक किरणांचा मारा झाल्याने रीड रिचर्ड्सचे शरीर हवे तसे ताणले जाते, स्यू स्टॉर्म अदृश्य होऊ शकते, तिचा भाऊ जॉनी पेट घेऊन उडतो आणि बेन ग्रिम दगडी देहाचा ‘थिंग’ होतो. वाचकांना हे चौघे आवडले ते शक्तींपेक्षा घरगुतीपणामुळे. ते आपसात भांडतात, रुसतात, पैशांच्या विवंचनेत पडतात. इंद्रजाल कॉमिक्समुळे मराठी वाचकाच्या ओळखीचा झालेला वेताळ एकांडा. हा मात्र सगळा एकत्र कुटुंबाचा कारभार. चित्रपटाबद्दलच्या मतांत ‘कुटुंब वाटते की नाही’ हा प्रश्न पुन्हापुन्हा येतो, त्याचे मूळ इथे आहे.

आयशिंगर यांनी चित्रपटाचे हक्क 1980च्या दशकात घेतले होते. त्यांची मुदत 1992च्या अखेरीस संपत होती आणि तोवर चित्रीकरण सुरू झाले नाही तर हक्क हातचे जाणार होते. म्हणून त्यांनी कॉरमन यांना गाठले. खर्च सुमारे दहा लाख डॉलर, म्हणजे अशा विषयासाठी चणेफुटाणे. मुदत संपता संपता काम सुरू झाले आणि काही आठवड्यांत उरकले. कलावंतांना यातले आतले गणित माहीत नव्हते. अ‍ॅलेक्स हाइड-व्हाइट (रीड), रेबेका स्टाब (स्यू), जे अंडरवूड (जॉनी) आणि मायकल बेली स्मिथ (बेन) हे चाहत्यांच्या संमेलनांना स्वखर्चाने जाऊन चित्रपटाचा प्रचार करत राहिले. जानेवारी 1994 मध्ये मिनेसोटातील ‘मॉल ऑफ अमेरिका’त पहिला खेळ व्हायचा होता, तो रद्द झाला. मार्व्हलच्या बाजूने अवी अराद यांनी पुढे सांगितले की, स्वस्त चित्रपटामुळे नावाला बट्टा लागू नये म्हणून तो विकत घेऊन नष्ट करायला लावला. चित्रपट मुळात दाखवण्यासाठी नव्हताच, हे स्टॅन ली यांचे म्हणणे. आयशिंगर यांनी ते नाकारले. मार्टी लँगफर्ड यांच्या ‘डूम्ड!’ या 2015च्या माहितीपटात कलावंत व तंत्रज्ञांची बाजू सविस्तर येते. तो पाहिल्यावर मूळ चित्रपटाबद्दलचे मत मवाळ होते, असा अनेकांचा अनुभव आहे. हा मवाळपणा चित्रपटाच्या गुणांच्या खात्यावर मांडू नये, एवढे पथ्य मत वाचणाऱ्याने पाळावे.

तरी एक-दोन गोष्टींची स्तुती निव्वळ कणवेतून आलेली नाही. पहिली थिंगची. बेनचा थिंग झाल्यावर ती भूमिका करणाऱ्या कार्ल सिआर्फालियो यांनी अंगावर चढवलेला तो नारिंगी दगडी पोशाख आणि त्याचा यंत्राने हलणारा चेहरा आजही पाहणाऱ्याला चकित करतो. भुवया, ओठ, डोळ्यांतला खिन्नपणा हे सगळे त्या मुखवट्यात आहे. दुसरी स्तुती चौघांचा शत्रू असलेल्या डॉक्टर डूमची, पण तिला तक्रारीची जोड आहे. जोसेफ कल्प यांचा चेहरा लोखंडी मुखवट्याआड पूर्ण झाकलेला. म्हणून ते हातांनी, बोटांनी, मान वळवून बोलतात. काहींना हा अतिरेक वाटतो, काहींना हाच चित्रकथेतला खरा डूम. संवाद मात्र मुखवट्यात गुदमरतात आणि अनेक जागी नीट ऐकू येत नाहीत, यावर दोन्ही पक्षांचे एकमत आहे.

दोषांची यादी मोठी आहे आणि चाहतेही ती लपवत नाहीत. डूम असताना ‘ज्युएलर’ नावाचा दुसरा, भुयारात राहणारा हिरेचोर खलनायक कशासाठी आणला, हे कोणालाच नीट उमगलेले नाही; त्याच्या प्रसंगांत चित्रपट रेंगाळतो. स्यू सुरुवातीला लहान मुलगी असून तरुण रीडवर भाळलेली दिसते आणि दहा वर्षांनी तीच त्याची नायिका होते. आजच्या प्रेक्षकाला ही मांडणी खटकते आणि ती खटकणे योग्यच आहे. स्यूचे अदृश्य होणे ही कॅमेऱ्याची जुनीच युक्ती. शेवटी जॉनी पूर्ण पेटून लेसर किरणाच्या पुढे धावतो तेव्हा पडद्यावर जिवंत नट उरतच नाही, त्याच्या जागी कार्टूनची आकृती येते. लग्नानंतर निघालेल्या मोटारीच्या छतातून रीडचा लांबलचक, नकली हात निरोप देताना हलतो, तो प्रसंग या चित्रपटाच्या हास्यास्पदतेचा सर्वांत प्रसिद्ध नमुना. गंमत अशी की तोच अनेकांचा आवडताही आहे.

मतांचे वजन पुढच्या चित्रपटांनी बदलले. टिम स्टोरी यांचा 2005चा ‘फॅन्टास्टिक फोर’ सुमारे दहा कोटी डॉलरांचा. त्यात डूमचा बडा उद्योगपती झाला आणि जुन्या वाचकांना तो परका वाटला. 2007च्या दुसऱ्या भागात ग्रह गिळणारा गॅलॅक्टस हा महाकाय देव ढगासारखा दाखवला, यावर तर हसू झाले. 2015 मध्ये जॉश ट्रँक यांचा काळवंडलेला, विनोदहीन चित्रपट आला आणि दिग्दर्शकानेच त्यापासून हात झटकले. यानंतर ‘दहा लाखांचाच बरा होता’ हे वाक्य अर्धे थट्टेत, अर्धे गांभीर्याने बोलले जाऊ लागले. निळे पोशाख, हिरव्या झग्यातला डूम, चौघांची एकमेकांवरची माया यांत 1994चा चित्रपट मूळ पानांच्या जवळ राहिला, हे खरे आहे. पण निष्ठा म्हणजे पटकथेची बांधणी नव्हे. ज्यांनी मूळ चित्रकथा वाचलेली नाही त्यांना हा चित्रपट बहुधा कंटाळवाणाच वाटतो, आणि त्यांच्या मताला चाहत्यांच्या गलक्यात जागा मिळत नाही.

मराठी प्रेक्षकाला यातली एक बाजू चटकन समजावी. 1993चा ‘झपाटलेला’ पाहताना तात्या विंचू हा रामदास पाध्ये यांनी घडवलेला बाहुला आहे हे सर्वांना ठाऊक होते, तरी भीती वाटली. युक्ती दिसते म्हणून खेळ मोडत नाही. पात्र उभे राहिले नाही तर मोडतो. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली हा तर झाडीपट्टी रंगभूमीचा मुलूख. धान निघाल्यावर रात्रभर चालणाऱ्या नाटकांत नट आवाज आणि हातवारे मुद्दाम मोठे ठेवतो, कारण ते मंडपाच्या टोकाला बसलेल्यापर्यंत पोचायचे असतात. या प्रेक्षकाला कल्प यांचा डूम परका वाटू नये. गोंदिया शहरालगतच्या मुर्रीत कोणी हा चित्रपट आज पाहायचा म्हटले, तर तो मोबाइलवर, इंग्रजीतच आणि कॅसेटवरून उतरवलेल्या फिकट प्रतीत पाहावा लागेल. प्रदर्शनच झाले नाही तिथे हिंदी डबिंग कोण करणार? पण न्यूयॉर्कच्या चाहत्याच्या वाट्यालाही तीच फिकट प्रत येते. हॉलीवूडच्या चित्रपटांत अशी बरोबरी सहसा होत नाही.

या प्रतीचा मतांवर थेट परिणाम झाला आहे. अंधाऱ्या, खरखरीत चित्रात पोशाखांच्या शिवणी आणि मंचसज्जेचा पुठ्ठा झाकला जातो; उलट डूमचे संवाद आणखी अस्पष्ट होतात. म्हणजे छायाचित्रण वाईट की प्रत वाईट, हे बहुतेक परीक्षणांतून कळत नाही. अधिकृत डीव्हीडी वा डिजिटल आवृत्ती निघालेली नसल्याने हा गोंधळ कायम आहे. मॅट शॅकमन यांच्या ‘द फॅन्टास्टिक फोर : फर्स्ट स्टेप्स’ (2025) मध्ये 1994च्या चारही कलावंतांना छोट्या भूमिका मिळाल्या, आणि ज्या चित्रपटाच्या प्रती नष्ट करायला लावल्याचे सांगितले जाई, त्यातले चेहरे मार्व्हलच्याच पडद्यावर आले. त्यांना ओळखणारे प्रेक्षक अर्थातच चोरटी प्रत पाहिलेले होते.