घोडेगाव

घोडेगाव : पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्याचे मुख्य ठिकाण. पुण्याच्या उत्तरेस सुमारे ७५ किमी.वर, घोड नदीच्या काठी, मंचरहून भीमाशंकरास जाणाऱ्या रस्त्यावर ते वसले आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर आहुपे परिसरात उगम पावणारी घोड नदी डोंगर सोडून सपाटीस लागते त्या सांध्यावर हे गाव असल्याने, पश्चिमेचा भातखाचरांचा व हिरड्याचा मुलूख आणि पूर्वेचा बागायती मुलूख या दोहोंवर एकाच ठाण्यातून नजर ठेवणे सोयीचे पडले असावे. इंग्रजी अमदानीत आंबेगाव हा खेड तालुक्याचा पेठा (पोटविभाग) होता व त्याचा महालकरी, म्हणजे महसुली अधिकारी, घोडेगावी बसे. पुढे पेठ्याचा तालुका झाला. तथापि नाव आंबेगावचे आणि कचेरी घोडेगावची, ही वाटणी कायम राहिली.

पूर्वेतिहास : हा टापू दीर्घकाळ जुन्नरच्या अमलाखाली होता. मलिक अहमदाने इ. स. १४९० मध्ये बहमनी सत्ता झुगारून निजामशाहीची स्थापना केली तेव्हा तिची पहिली राजधानी जुन्नर होती. १४९४ मध्ये अहमदनगर वसवण्यास प्रारंभ झाल्यावर तो मान गेला, पण मोठे ठाणे म्हणून जुन्नरचे महत्त्व पुष्कळ काळ टिकले. त्या छायेत घोडेगावास स्वतंत्र इतिहास असा फारसा आढळत नाही.

१८३९ चा उठाव : पेशवाईचा शेवट झाल्यावर डोंगरी किल्ल्यांवरील शिबंदी मोडली गेली आणि पिढ्यान्‌पिढ्या गडाच्या व घाटाच्या रखवालीवर जगणारे महादेव कोळी निर्वाहाच्या साधनास मुकले. १८३९ च्या आरंभी सह्याद्रीच्या कुशीत कोळ्यांच्या टोळ्या जमू लागल्या व इतर जातींचे लोकही त्यांस मिळून जमाव तीन-चारशेंवर गेला. भाऊ खरे, चिमणाजी जाधव आणि नाना दरबारे हे त्यांचे पुढारी होत. आपण पेशव्यांच्या वतीने राज्यकारभार हाती घेत आहोत, असे त्यांनी जाहीर केल्यामुळे सामान्य लुटालुटीहून या प्रकरणाचे स्वरूप निराळे ठरते. सरकारी वृत्तान्त त्यास ‘गँग’ म्हणतो व त्याच परिच्छेदात राजकीय हेतूही मान्य करतो, हा विसंवाद लक्षात घेण्याजोगा आहे. या जमावापैकी सुमारे दीडशे असामींनी घोडेगावच्या महालकऱ्याचा खजिना लुटण्याच्या इराद्याने गावावर चाल केली. महालकऱ्यास हल्ल्याचा सुगावा आधीच लागला होता. हाताशी असलेले शिपाई-प्यादे व गावकरी घेऊन त्याने रात्रभर कचेरी लढवली आणि खजिना वाचवला. त्या महालकऱ्याचे नाव मात्र सरकारी वृत्तान्तात येत नाही, असिस्टंट कलेक्टर रोझ यांचे येते. पुढे धरपकड होऊन रामचंद्र गणेश गोरे व एक कोळी यांस फाशी देण्यात आली आणि इतर अनेकांस काळ्या पाण्याची अथवा कैदेची शिक्षा झाली. तरीही असंतोष शमला नाही, हे पुढील दशकातील राघोजी भांगरे यांच्या बंडावरून दिसते. त्यांस २ मे १८४८ रोजी ठाणे येथे फाशी देण्यात आली.

डिंभे धरण : कुकडी प्रकल्पातील हे धरण घोडेगावच्या पश्चिमेस असून त्याची साठवणक्षमता सुमारे साडेतेरा अब्ज घनफूट आहे. मुंबईत १२ डिसेंबर १९३० रोजी विदेशी मालाच्या मोटारीखाली प्राण गमावलेले बाबू गेनू हे याच तालुक्यातील म्हाळुंगे पडवळचे; त्यांचे नाव जलाशयास दिलेले आहे. मूळचे आंबेगाव, म्हणजे तालुक्याचे नामदाते बाजारगाव, या पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की घरांची जोती व देवळाचे दगड उघडे पडतात. कालव्यांचे पाणी पूर्वेकडील उसास मिळते. धरणाच्या वरच्या अंगास राहिलेल्या डोंगरवाड्यांचा त्यावरील हक्क हा जुना व न मिटलेला विषय आहे.

प्रशासन : तहसील कचेरी, न्यायालय व पंचायत समितीखेरीज आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालय येथे आहे व त्याची हद्द तालुक्याबाहेरही जाते. त्यामुळे आंबेगावच्याच नव्हे, तर जुन्नर व खेडच्या डोंगरपट्ट्यातील माणसासही वसतिगृहाचा प्रवेश वा वनहक्काचा दावा यांसाठी घोडेगावची पायरी चढावी लागते. मोर्चे येतात तेही याच कार्यालयावर. पहिल्या गाडीने उतरलेला आहुप्याकडचा मनुष्य अर्ज लिहून घेऊन, तिकीट चिकटवून, साहेब फिरतीवर असल्याचे ऐकून परतीची गाडी धरतो, हा येथील नित्याचा देखावा होय. ३० जुलै २०१४ रोजी दरड कोसळून तालुक्यातील माळीण गाव गाडले गेले व दीडशेहून अधिक माणसे दगावली, तेव्हा तालुक्याच्या या यंत्रणेवर अभूतपूर्व ताण पडला. डोंगरउतारावर परस्परांच्या श्रमाने बांध घालून खाचरे काढण्याच्या ‘पडकई’ या जुन्या पद्धतीत यंत्रे शिरल्याने दरड आली की केवळ अतिवृष्टीने, याविषयी मतभेद आहेत.

व्यापार : मंचरच्या मानाने गौण. पुणे-नाशिक हमरस्त्यावरील मंचरने बाजार समिती व मोठी पेठ आपल्याकडे ओढली. हिरड्याच्या हंगामात मात्र पश्चिमेकडील माल याच वाटेने खाली येतो.

शिक्षण : माध्यमिक शाळा, महाविद्यालय व आदिवासी विद्यार्थ्यांची वसतिगृहे आहेत.

दळणवळण : लोहमार्ग नाही. श्रावणात भीमाशंकरच्या यात्रेकरूंची वाहने गावातून जातात. त्यांपैकी थोडीच येथे थांबतात.