लीग-१ मध्ये खेळून पुण्या-मुंबईच्या मैदानावर उतरलेले परदेशी फुटबॉलपटू

२०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि एफसी पुणे सिटीने डेव्हिड त्रेझेगेला करारबद्ध केलं. १९९८ चा वर्ल्डकप जिंकलेल्या फ्रान्सच्या संघातला, २००० च्या युरो कपच्या फायनलमध्ये इटलीविरुद्ध गोल्डन गोल मारणारा हा माणूस बालेवाडीत खेळणार म्हटल्यावर अनेकांचा विश्वासच बसेना. दोन वर्षांनी याच क्लबने मोहम्मद सिसोकोला आणलं. तो लिव्हरपूल, युव्हेन्टस आणि पॅरिस सेंट जर्मेनकडून खेळून आलेला.

आता गंमत बघा. त्रेझेगेचा जन्म फ्रान्समधल्या रुआन शहरातला. सिसोकोचा जन्म त्याच रुआनला खेटून असलेल्या मों-सांतेन्यां गावातला. दोघंही फ्रान्सच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे आजच्या लीग-१ मध्ये खेळले. पण तिथे खेळलेल्या परदेशी खेळाडूंची यादी काढली तर सिसोकोचं नाव त्यात येतं आणि त्रेझेगेचं येत नाही.

असं का?

परदेशी नक्की कोणाला म्हणायचं?

फुटबॉलमध्ये याची दोन मापं आहेत. पहिलं माप राष्ट्रीय संघाचं. खेळाडू ज्या देशाच्या जर्सीत खेळला तो त्याचा देश. त्रेझेगेचे वडील अर्जेंटिनाचे आणि तेही फुटबॉलपटू. रुआनच्या क्लबकडून खेळत असताना त्यांना मुलगा झाला. पुढे हे कुटुंब अर्जेंटिनाला परतलं. पोरगा तिथेच वाढला, प्लातेन्से क्लबमध्ये तयार झाला आणि १९९५ मध्ये मोनॅकोकडून खेळायला आला. वळण सगळं अर्जेंटिनाचं, पण खेळला फ्रान्सकडून. सिसोकोचं नेमकं उलटं. जन्म फ्रान्सचा, पण त्याने निवडला आईवडिलांचा देश माली.

दुसरं माप पासपोर्टचं. क्लबच्या ऑफिसात हेच चालतं. एखाद्याकडे दोन पासपोर्ट असतील तर तो राष्ट्रीय संघाच्या हिशेबात परदेशी असतो आणि क्लबच्या नोंदवहीत मात्र घरचा ठरतो. सोशल मीडियावर फिरणाऱ्या 'लीग-१ चे टॉप परदेशी खेळाडू' छापाच्या याद्यांमध्ये गोंधळ होतो तो ही दोन मापं एकत्र केल्यामुळे.

फ्रान्सच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये आजवर सर्वाधिक गोल ज्याच्या नावावर आहेत तो डेलिओ ओनिसही असाच. २९९ गोल. अजून कोणी मोडू शकलेलं नाही, एम्बाप्पेसुद्धा नाही. ओनिस जन्मला इटलीत, वाढला अर्जेंटिनात आणि त्याने नाव काढलं मोनॅको, तूर आणि तुलाँच्या क्लबांकडून.

टॅक्सीने आलेला काका

फ्रान्समध्ये व्यावसायिक लीग १९३२ मध्ये सुरू झाली आणि परदेशी खेळाडू अगदी सुरुवातीपासून तिथे आहेत. १९३८ मध्ये मोरोक्कोचा लार्बी बेन बारेक मार्सेकडून खेळायला आला. पण मोरोक्को तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात, त्यामुळे पुढे तो खेळला फ्रान्सच्याच राष्ट्रीय संघातून. म्हणजे हा 'परदेशी कोण' चा घोळ आजचा नाही.

सगळ्यात भारी किस्सा मात्र सालिफ केईताचा. १९६७ साल. मालीचा हा तरुण सेंत-एतिएन क्लबसाठी पॅरिसच्या ओर्ली विमानतळावर उतरला, तर घ्यायला कोणीच नाही. त्याने सरळ टॅक्सी केली आणि ड्रायव्हरला सांगितलं, सेंत-एतिएनला चल. अंतर साधारण ५०० किलोमीटर! भाडं अर्थातच क्लबला भरावं लागलं. पैसे वाया गेले नाहीत, कारण केईता आल्यावर १९६८, ६९ आणि ७० अशी सलग तीन विजेतेपदं सेंत-एतिएनने जिंकली. १९७०-७१ च्या हंगामात त्याने ४२ गोल केले. तरी तो पहिला आला नाही, कारण त्याच हंगामात मार्सेच्या जोसिप स्कोब्लारने ४४ मारले. एका हंगामातला तो विक्रम आजही कायम आहे. स्कोब्लार युगोस्लाव्हियाचा, म्हणजे तोही परदेशीच.

१९७२ मध्ये केईता मार्सेला गेला आणि तिथे वांधे झाले. प्रत्येक क्लबला परदेशी खेळाडूंच्या मोजक्याच जागा होत्या. केईताने फ्रेंच नागरिकत्व घेतलं असतं तर एक जागा मोकळी झाली असती. क्लबने तसा आग्रह धरला. केईता नाही म्हणाला आणि क्लब सोडून स्पेनच्या व्हॅलेन्सियाकडे गेला.

हाच केईता पुणे सिटीकडून खेळलेल्या मोहम्मद सिसोकोचा काका. काकाने फ्रेंच पासपोर्ट नाकारला, आणि फ्रान्समध्ये जन्मलेल्या पुतण्याने खेळायला मालीच निवडला. योगायोग म्हणजे सिसोकोचं पहिलं मोठं नाव झालं तेही व्हॅलेन्सियातच.

चार खुर्च्यांचा नियम

आज लीग-१ मध्ये आयव्हरी कोस्ट, सेनेगल, माली, मोरोक्को या देशांचे खेळाडू ढिगाने दिसतात. यामागे फ्रान्सचा वसाहतींचा इतिहास आहे, भाषा आहे, पण कोर्टाचे निकालही आहेत.

पहिला निकाल १९९५ चा, बेल्जियमच्या जाँ-मार्क बोस्मानचा. त्याला लिएजहून फ्रान्सच्या डंकर्क क्लबला जायचं होतं आणि जुना क्लब सोडेना. युरोपीय न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि युरोपीय संघातल्या देशांच्या खेळाडूंवरची मर्यादाच संपली. दुसरा निकाल फुटबॉलचा नाहीच. लिलिया मालाया ही पोलंडची बास्केटबॉल खेळाडू. पोलंड तेव्हा युरोपीय संघात नव्हता, म्हणून स्ट्रासबर्गच्या क्लबमध्ये तिला परदेशी कोट्यात मोजलं गेलं आणि कोटा तर भरलेला. ती कोर्टात गेली. डिसेंबर २००२ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सांगितलं की ज्या देशांचा युरोपीय संघाशी सहकार्य करार आहे, त्यांच्या नागरिकांशी असा भेदभाव चालणार नाही. आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिकमधल्या अनेक देशांशी असे करार होते. मग त्या देशांचे खेळाडूही फ्रान्समध्ये कोट्याबाहेर आले.

उरले बाकीचे, म्हणजे ब्राझील, अर्जेंटिना, जपान आणि भारत. यांच्यासाठी लीग-१ च्या प्रत्येक क्लबमध्ये फक्त चार जागा. भारतीय पासपोर्टवाल्या पोराला तिथे खेळायचं तर या चार खुर्च्यांपैकी एक मिळवावी लागते, आणि शर्यतीत समोर असतात ब्राझीलची पोरं. आजवर एकही भारतीय खेळाडू लीग-१ मध्ये खेळलेला नाही.

इथे विकास धोरासू हे नाव हमखास पुढे केलं जातं. ल्योंकडून दोनदा लीग जिंकलेला, पॅरिस सेंट जर्मेनकडून खेळलेला, २००६ च्या वर्ल्डकपला फ्रान्सच्या संघात असलेला खेळाडू. त्याचं कुटुंब भारतीय वंशाचं, मॉरिशसमधून आलेलं. पण तो जन्मला फ्रान्समध्ये आणि खेळला फ्रान्सकडून. त्यामुळे तो भारतीयही नाही आणि या यादीतला परदेशीही नाही.

पुण्यात कोण कोण आलं?

माण-खटावच्या पट्ट्यात खेळ म्हटलं की आठवते कुस्ती, कबड्डी आणि धावणं. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची फायनल गाठणारी ललिता बाबर माण तालुक्यातल्या मोहीचीच. फुटबॉल इथे बघायला मिळतो तो मोबाईलवर. पण मधली काही वर्षं अशी होती की दहिवडी-म्हसवडच्या पोराने पुण्याची एसटी पकडली असती, तर लीग-१ खेळलेला माणूस त्याला बालेवाडीत डोळ्यांनी बघता आला असता.

आयएसएलच्या पहिल्या तीन हंगामांत प्रत्येक क्लबला एक 'मार्की' म्हणजे बड्या नावाचा खेळाडू घ्यावाच लागे. त्रेझेगे त्यातूनच आला. पुणे सिटी हा त्याच्या कारकिर्दीतला शेवटचा क्लब. गोल झाले दोन. २०१५ च्या सुरुवातीला त्याने बूट खुंटीला टांगले.

पण काटेकोर 'परदेशी' यादीत बसणारे पुण्यातले खेळाडू पुढच्या वर्षी आले. २०१५ मध्ये आयव्हरी कोस्टचा दिदिए झोकोरा आला. २००४ ते २००६ तो सेंत-एतिएनला होता, म्हणजे केईताच्याच क्लबात. नंतर टॉटनहॅम आणि सेव्हिया. तीन वर्ल्डकप खेळलेला, देशासाठी १२३ सामने खेळून आयव्हरी कोस्टचा विक्रम नावावर असलेला हा मध्यरक्षक. नावाचा गवगवा त्रेझेगेइतका झाला नाही, पण देशासाठी खेळलेल्या सामन्यांचा आकडा बघितला तर पुण्यात आलेल्यांमध्ये तो वरच्या रांगेतला.

त्याच हंगामात रोमानियाचा अ‍ॅड्रियन मुटूही आला. गेओर्गे हाजीच्या बरोबरीने रोमानियासाठी ३५ गोल करणारा हा खेळाडू. चेल्सीत असताना २००४ मध्ये चाचणीत कोकेन सापडलं आणि सात महिन्यांची बंदी आली. तरी इटलीत जाऊन तो पुन्हा उभा राहिला. २०१२ मध्ये तो कोर्सिका बेटावरच्या अजाक्सियोला गेला. हे नेपोलियनचं जन्मगाव. पहिल्याच हंगामात त्याने लीग-१ मध्ये ११ गोल केले. प्रशिक्षक डेव्हिड प्लॅटच्या हाताखाली तो पुण्यात खेळला तेव्हा वय होतं ३६.

२०१६ चा मार्की ठरला होता आइसलँडचा आयडर गुडयॉनसन. बार्सिलोनाहून २००९ मध्ये मोनॅकोला गेलेला आणि तिथे एकही लीग गोल न करता अर्ध्या हंगामात परतलेला. पुण्यात तर तेवढंही झालं नाही. हंगामाआधीच दुखापत झाली आणि त्याच्या जागी आला सिसोको. त्याला २०११ मध्ये पॅरिस सेंट जर्मेनने घेतलं होतं. कतारच्या मालकांनी क्लब विकत घेतल्यानंतरच्या पहिल्याच खरेदीत तो होता. नेमार आणि मेस्सीच्या खूप आधी. (फ्रान्सकडून खेळलेला तो मूसा सिसोको. तो वेगळा.)

मुंबई आणि गोवा

मुंबई सिटीकडे निकोला आनेल्का होता, एफसी गोवाकडे रॉबेर पिरेस. दोघंही लीग-१ गाजवलेले, पण दोघंही फ्रेंच. पिरेसचे वडील पोर्तुगीज, त्यामुळे गोव्याशी त्याचं नातं जोडणाऱ्यांनी तेही जोडून घेतलं. ह्यूगो बूमूस गोवा आणि मुंबई दोन्हीकडे चमकला, पण तो लीग-१ मध्ये खेळलेलाच नाही. त्याचा लावाल क्लब खालच्या डिव्हिजनचा.

मुंबईतले खरे मानकरी २०१८ चे. प्रशिक्षक होता पोर्तुगालचा जॉर्ज कोस्ता. त्याने पोर्तुगीज लीगमधली ओळखीची माणसं आणली. त्यातला पाउलो माशादो हा पोर्तोत तयार झालेला मध्यरक्षक. २००८-०९ मध्ये सेंत-एतिएन आणि नंतर तीन हंगाम तुलूज. पुन्हा सेंत-एतिएन! दुसरा सेनेगलचा मोदू सुगू. २०१३ मध्ये तो मार्सेला गेला होता, पण तिथे जम बसला नाही आणि पुढचा हंगाम एव्हियाँ क्लबकडे उसनवारीवर काढावा लागला.

मुंबईत मात्र तो फॉर्मात होता. १६ डिसेंबर २०१८ ला अंधेरीच्या मैदानावर मुंबईने केरला ब्लास्टर्सला ६-१ ने धुतलं आणि त्यातले चार गोल एकट्या सुगूचे होते. त्या हंगामात मुंबई सेमीफायनलपर्यंत गेली आणि गोव्याकडून हरली. उतारवयातले खेळाडू नुसते नावापुरते येतात, असं म्हणणाऱ्यांना सुगूचं उदाहरण खुशाल द्यावं.

गोव्यात आणखी एक नाव अवचित आलं. कोरोनामुळे २०२०-२१ चा अख्खा हंगाम फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोच्या मैदानांवर प्रेक्षकांविना झाला. तिथे केरला ब्लास्टर्सकडून खेळत होता बुर्किना फासोचा बचावपटू बाकारी कोने. ल्योंकडून पाच वर्षं लीग-१ खेळलेला. त्याला गोव्यात मैदानावर बसून कोणीच बघितलं नाही. आणि हो, नीस आणि मार्सेकडून खेळलेला बाकारी कोने दुसरा, आयव्हरी कोस्टचा. याद्यांमध्ये दोघांचे फोटो सर्रास उलटसुलट लागतात.

मग पुढे काय झालं?

२०१७ पासून मार्कीची सक्ती गेली. मैदानावरच्या भारतीयांची संख्याही वाढत गेली. २०१४ मध्ये अकरांत किमान पाच भारतीय लागत, २०१७ पासून सहा आणि २०२१ पासून सात. जागा कमी झाल्यावर क्लबांनी नावापेक्षा कामाचे खेळाडू शोधायला सुरुवात केली. कोल्हापूरच्या अनिकेत जाधवसारख्या, २०१७ चा १७ वर्षांखालील वर्ल्डकप खेळलेल्या पोरांना या वाढीव जागांचं मोल जास्त.

पुण्याचं मात्र गणितच बिघडलं. पुणे एफसी आणि भारत एफसी २०१५ मध्ये थांबले. डीएसके शिवाजीयन्स २०१७ मध्ये संपला. आर्थिक अडचणीत आलेला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झाला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. त्रेझेगे, झोकोरा, मुटू आणि सिसोको ज्याच्या जर्सीत खेळले तो क्लब जेमतेम पाच वर्षं टिकला.